तेल खवट का होतं: दोनशे वर्षांचा माग

घाण्यावरून आठवड्यापुरतं तेल यायचं, तेव्हा ते किती टिकेल याची चिंता फारशी नव्हती. तेल दूरवर जाऊ लागलं, महिनोन्‌महिने साठून राहू लागलं, तेव्हा खवटपणा हा व्यापाराचा प्रश्न झाला.

त्यामागे हवा आहे, हे १८२०च्या सुमारास स्विस शास्त्रज्ञ निकोला-थिओडोर द सोस्यूर यांनी मोजून दाखवलं. अक्रोडाच्या तेलाच्या थराने पहिल्या आठ महिन्यांत स्वतःच्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट ऑक्सिजन ओढला. पुढच्या दहाच दिवसांत साठपट! या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच प्रयोग. तेल हळूहळू बिघडत नाही. ते बराच काळ तग धरतं आणि मग एकदम जातं. त्या शांत काळात टोकोफेरॉलसारखे (म्हणजे ई जीवनसत्त्वासारखे) तेलातले नैसर्गिक राखणदार खर्ची पडत असतात. ते संपले की पेरॉक्साइडांची, म्हणजे तेल आणि ऑक्सिजन जुळून बनणाऱ्या अस्थिर संयुगांची, साखळी सुटते. ही साखळी १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये फार्मर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. उष्णता आणि तांब्या-लोखंडाचा अंश तिला वेग देतात.

अर्थात सगळी तेलं सारखी नाहीत. जवसाचं तेल लवकर जातं, करडईचंही नाजूक. खोबरेल मात्र जवळजवळ नव्वद टक्के संपृक्त, म्हणजे ऑक्सिजनला सहज न जुळणारं, म्हणून दमदार. तिळाच्या तेलाला त्यातली सेसमॉलसारखी द्रव्यं सांभाळतात.

तेलालाच टिकाऊ करण्याची वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२च्या हायड्रोजनीकरणाच्या, म्हणजे तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट करण्याच्या, पेटंटने दाखवली. त्यातून आपल्याकडे १९३७मध्ये डालडा आला. त्या टिकाऊपणासोबत हृदयाला घातक ट्रान्स फॅटही घरात शिरलं. त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडलं.

१९९८मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने साठहून अधिक माणसं दगावली. त्याच वर्षी सुट्या तेलाऐवजी बंद पॅकिंगचा आदेश निघाला. तो आवश्यकच होता. पण पत्र्याच्या डब्यात उजेड शिरत नसे. पारदर्शक बाटलीत तो शिरला. तेलात हरितद्रव्याचा अंश उरला असेल, तर उजेडात ते ऑक्सिजनला चेतवतं आणि असा ऑक्सिजन सोस्यूर यांच्या तेलासारखी आठ महिने वाट पाहत नाही. घाण्याच्या तेलात असे रंगांश राहू शकतात, आणि तेच तेल आज दुकानाच्या काचेमागे उन्हात मांडलेलं दिसतं.

घरी हाच बिघाड किटलीच्या तळातून सुरू होतो. उरलेल्या जुन्या तेलावर नवं ओतलं, की त्यातली पेरॉक्साइडं विरजणासारखी कामाला लागतात.