दाढ दाखवायला आलो, तुम्ही झोपेचं का विचारता?

हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. कुणी हसत विचारतं, कुणी जरा चिडून. कानापुढे दुखतंय, सकाळी उठल्यावर गाल जड वाटतो, जांभई दिली की कट्ट वाजतं, म्हणून माणूस येतो. आणि आम्ही विचारतो की झोप लागते का, कामाचं कसं चाललंय, घरी कुणी आजारी आहे का. "दाढ काढून टाका की डॉक्टर, घरच्या चौकशा कशाला?" त्याचं उत्तर खुर्चीत बसवून घाईघाईत देण्यापेक्षा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

किडलेली दाढ सहसा स्वतःहून सापडते. थंड पाण्याने ठणकते, ठोकली की दुखते, एक्स-रेत काळी दिसते. यातलं काहीच नाही आणि दुखणं मात्र खरं आहे, तेव्हा आम्ही जबड्याच्या स्नायूंकडे आणि सांध्याकडे वळतो. तुम्हीही घरी करून बघा. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली हलतो तो सांधा. दोन हाडांच्या मध्ये तिथे एक चिवट चकती असते, ती जागेवरून थोडी सरकली की कट्ट आवाज येतो. आता गालावर बोटं ठेवून दात आवळा. टणक होऊन फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर बोटं ठेवा, तिथेही तेच होतं. म्हणून तर कितीतरी जण आमच्याकडे येण्याआधी डोकेदुखीसाठी चष्म्याचा नंबर तपासून आलेले असतात.

ताणाचा संबंध इथे येतो. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. दिवसभराचं सगळं टेकणं मिळून अर्धा तासही भरत नाही. पण मनावर ओझं असलं की शरीर सतत सावध राहतं आणि स्नायू सैल पडत नाहीत. रागात आपण दातओठ खातो, सोसायचं असलं की दात आवळून सोसतो, ते उगीच नाही. हा जोर फार नसतो, पण तासन् तास असतो. भाजीची पिशवी मंडईतून गाडीपर्यंत नेताना काही वाटत नाही. तीच हातात धरून तासभर उभं राहा, मग कळेल. त्यात काळजीने झोप उथळ होते, दुखणं सहन करायची ताकद कमी होते, आणि दुखतंय म्हणून झोप आणखी मोडते. कोरोनाच्या काळात हे जगभर दिसलं. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकन डेंटल असोसिएशनने दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी दात खाणारे आणि आवळणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं.

झोपेत दात खाण्याचं खापर मात्र आम्ही एकट्या ताणावर फोडत नाही. ते घराण्यात असू शकतं. दारू, सिगारेट, रात्री उशिराचा चहा-कॉफी, जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यांचाही वाटा असतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतं. तशी गोळी चालू असेल तर आम्हाला सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि जंत झाले म्हणून मोठं माणूस दात खातं, हे डोक्यातून काढा. जंताचं औषध घेऊन दोन महिने घालवलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

एक ताई मे महिन्यात आल्या होत्या. शाळेचे गणवेश शिवतात. जून तोंडावर आला की आपल्या सोलापुरात हे काम किती अंगावर येतं, ते सांगायला नको. उजवीकडची अक्कलदाढ काढा, म्हणाल्या. दाढ ठणठणीत होती. गालाच्या स्नायूवर बोट दाबलं तर डोळ्यांत पाणी आलं. बोलता बोलता कळलं की दोरा दातानेच तोडतात, टाचण्या ओठांत धरतात, आणि मशीन चालू असेपर्यंत दात घट्ट मिटलेले. आम्ही त्यांना मशीनच्या चाकाजवळ एक लाल टिकली लावायला सांगितली. टिकलीवर नजर गेली की बघायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर ओठ मिटलेले ठेवून दात सोडायचे, जीभ अलगद टाळूला. पहिल्या दिवशी जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा टेकलेलेच होते, असं त्यांनी येऊन सांगितलं. चौथ्या आठवड्यात त्या जांभई देऊ शकत होत्या. दाढ अजून जागेवर आहे.

या पत्रकासोबत टिकल्यांचं पाकीट दिलंय, ते त्यासाठीच. एक मोबाइलच्या मागे, एक कॉम्प्युटरला, एक स्वयंपाकघरात, एक गाडीच्या आरशाला. माग चालवत असाल तर मागाला.

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो

"गार्ड बसवला, आता झालं," यात.

रात्री दातांवर घालायचा गार्ड आम्ही आमच्याच लॅबमध्ये तुमच्या मापाने, कडक अॅक्रिलिकचा बनवतो. तो काम चोख करतो, पण त्याचं काम दात झिजू न देणं, कॅप आणि भरलेली दाढ फुटू न देणं, एवढंच आहे. बऱ्याच जणांना त्याने सकाळचा जडपणाही कमी वाटतो. पण दिवसभर दात आवळणाऱ्याचा जबडा रात्रीच्या गार्डने सैल होत नाही. मग होतं असं, की दहा दिवसांनी माणूस परत येतो. "गार्ड बसत नाही, जरा घासून द्या." आम्ही कार्बन पेपर ठेवून तपासतो, गार्ड बरोबर बसलेला असतो. समाधानासाठी जरा घासतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा. प्रत्येक खेपेला अर्धा तास जातो, गार्ड पातळ होतो, शेवटी तडकतो, आणि नवं माप घ्यावं लागतं. हे सगळं होत असताना हेच रुग्ण बाहेर बाकावर नंबराची वाट बघत मोबाइल चाळत असतात, आणि गालाचा स्नायू लांबूनही फुगलेला दिसतो.

म्हणून आता नियम केलाय. गार्ड देताना एक तक्ता देतो. दिवसातून किती वेळा टिकली बघितली आणि त्यातल्या किती वेळा दात टेकलेले होते, एवढंच त्यात लिहायचं. दोन आठवड्यांनी तक्ता घेऊन या. गार्ड टोचत असेल, हिरडी सोलत असेल तर मात्र त्याच दिवशी या, तक्ता नसला तरी.

काही जण म्हणतात, खरे दातच घासून चावा बसवून द्या. जबड्याच्या दुखण्यासाठी ते आम्ही करत नाही. घासलेला दात परत येत नाही. या जुन्या दुखण्यावर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनीही कौल दिला तो सवयी आणि विचार बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाला, जबड्याच्या व्यायामाला आणि हाताने केलेल्या उपचारांना. गार्ड शक्यतो नको, असाच त्यांचा कल आहे. गार्ड आम्ही विकतो, तरीही हे सांगतो, कारण ज्यांचे दात झिजलेले नाहीत त्यांना आम्ही बऱ्याचदा गार्डशिवायच पाठवतो. ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात बुडवून चावायचा मऊ गार्ड मात्र घेऊ नका. मऊ असल्यामुळे काही जण रात्रभर तोच चघळत बसतात.

गार्ड गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. पेस्ट नको, ओरखडे पडतात. गरम पाणी तर अजिबात नको. आणि एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. आपल्या उन्हात आतला गार्ड वाकडा होतो आणि एकाच दाढेवर टेकायला लागतो.

दुखणं ताजं असेल तर दोन आठवडे कडक भाकरी कोरडी खाऊ नका, आमटीत चुरून मऊ करून खा. फुटाणे, ऊस, च्युइंगगम बंद. गालाला ओल्या फडक्याचा शेक पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. नुसतं कट्ट वाजतंय, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतंय, तर काही करायची गरज नाही. यासाठी पैसे घेऊन उपचार करणार नाही.

काही गोष्टी मात्र ताणाच्या खात्यात टाकू नका. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, स्वतःची तीन बोटं उभी दातांत जात नाहीत, तिखट लागलं की आग होते, तर तो तोंडाच्या आतल्या त्वचेचा वेगळा आजार आहे आणि त्यात पुढे कॅन्सरचा धोका असतो. लगेच या. गालाला सूज आणि ताप असेल तरी लगेच. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, दम लागणं असेल तर आमच्याकडे नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा.

पहिल्या भेटीला पाऊण तास हाताशी ठेवून या. जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं आणि असला तर जुना गार्ड आणा. त्या दिवशी तपासणीआधी वेदनाशामक गोळी शक्यतो घेऊ नका, नाहीतर दुखरी जागा सापडत नाही. सोबत घरचं माणूस असलं तर बरं; तुम्ही झोपेत दात खाता का, हे तेच सांगू शकतं. तेलुगू किंवा कन्नडमध्ये बोलायचं असेल तर तशी बोलणारी माणसं आमच्याकडे आहेत. खर्च आधी लिहून देतो, आणि घरच्या गोष्टी सांगायच्या की नाही, हे तुमच्यावर.