दोन मिनिटांचं मौन

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या आठवणीत ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता पाळायचं मौन. १९१८ साली याच दिवशी याच वेळेला पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या. युद्धबंदीवर सह्या पहाटेच झाल्या होत्या, फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात, पण अंमल ११ पासून. मौन कसं पाळतात ते सगळ्यांना माहीतच आहे, घोळ आहे तो कल्पना मुळात कुणाची यावर.

एक बाजू एडवर्ड जॉर्ज हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकाराची. त्याने ८ मे १९१९ ला लंडनच्या ‘इव्हिनिंग न्यूज’मध्ये टोपणनावाने पत्र लिहून पाच मिनिटं शांततेची मागणी केली, आणि मेलबर्नमध्ये त्याचा मान म्हणून स्मारकही आहे. पण ते पत्र वाचून सरकारने काही हालचाल केली असा धागा काही जोडता येत नाही. दुसरी बाजू दक्षिण आफ्रिकेची आणि ती जास्त भक्कम वाटते. केप टाउनमध्ये महापौर हॅरी हँड्स यांनी १४ मे १९१८ पासून, म्हणजे युद्ध चालू असतानाच, रोज दुपारी १२ ला उडणाऱ्या तोफेनंतर सगळं शहर थांबवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, मग ती जास्त वाटली म्हणून दोन, इथेच बहुधा दोनचा आकडा पक्का झाला. हँड्स यांचा मुलगा त्याच एप्रिलमध्ये गेला होता. दक्षिण आफ्रिकेतले लेखक-राजकारणी सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांचाही मुलगा १९१७ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये मारला गेला होता, त्यांनी हीच पद्धत नोव्हेंबर १९१९ च्या सुरुवातीला ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नर यांच्यामार्फत राजापर्यंत पोचवली आणि ७ नोव्हेंबरला पाचव्या जॉर्जचं आवाहन निघालं. पुढे राजाच्या सचिवाने श्रेय फिट्झपॅट्रिक यांनाच दिलं. म्हणजे मुलं गमावलेल्या दोन बापांनी ही प्रथा उभी केली असं म्हणायला हरकत नाही, हनीने मागणी केली ती स्वतंत्रपणे. (त्याआधीही कुठे कुठे मौन पाळल्याचे दाखले देतात, पण त्यांचा याच्याशी संबंध लागत नाही.)

दुसऱ्या महायुद्धात हे कार्यक्रम बंद पडले आणि नंतर ब्रिटनमध्ये मुख्य सोहळा ११ तारखेच्या जवळच्या रविवारी गेला, ११ तारखेचं मौन १९९० च्या दशकात परत रुळलं. ज्यांच्यासोबत उभं राहायचं ते माजी सैनिक मात्र तोवर संपत आले होते. खंदकात लढलेले हॅरी पॅच २००९ मध्ये १११ व्या वर्षी गेले, नौदलातले क्लॉड चूल्स २०११ मध्ये, आणि हवाई दलाच्या मेसमध्ये काम केलेल्या फ्लॉरेन्स ग्रीन २०१२ मध्ये. त्यांच्यानंतर या युद्धाचा एकही सैनिक हयात असल्याची नोंद नाही.

भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं परदेशी आघाड्यांवर गेली, सुमारे ७४,००० परत आली नाहीत. फ्रान्समध्ये नव-शापेलच्या स्मारकावर त्यातली ४,७०० च्या आसपास नावं आहेत, पण मराठा पलटणी जिथे जास्त झिजल्या त्या मेसोपोटेमियात (आजचा इराक), कूत शहराचा वेढा वगैरे, तिथल्या बसरा स्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली आणि साध्या भारतीय शिपायांचे पलटणीप्रमाणे नुसते आकडे. हे फार लागतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावात स्मारक आहे ते असंच, या गावचे ४६ जण कामी आले एवढं सांगणारं.

स्वतंत्र भारतात ११ वाजताचं दोन मिनिटांचं मौन ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी पाळतात.