पक्षातलेच ‘शत्रू’: स्लान्स्की खटल्यामागचा इतिहास

फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली. त्यांच्या एसटीबी या गुप्त पोलीस यंत्रणेने आधी बाहेरच्यांना धरलं. जून १९५० मध्ये माजी खासदार मिलाडा होराकोवा यांना फाशी झाली. पक्षातल्यांवर हात पडायला निमित्त ठरला मॉस्कोला न जुमानणारा युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो. जून १९४८ मध्ये कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून युगोस्लाव्हियाची हकालपट्टी झाली आणि दुसरा टिटो आणखी कुठे दडलाय, याचा शोध मॉस्कोने सुरू केला. हंगेरीने लगेच आपला माजी गृहमंत्री लास्लो राइक शोधून दिला. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्याला फासावर चढवलं. मग प्रागमध्ये कोणीच कसा सापडत नाही?

१९४९ च्या शरद ऋतूत सोव्हिएत ‘सल्लागार’ प्रागला आले. त्यांना बोलावणाऱ्यांत पक्षाध्यक्ष गॉटवाल्ड यांच्या बरोबरीने सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्कीही होते! जुलै १९५१ मध्ये त्यांची पन्नाशी थाटात साजरी झाली, नोव्हेंबरात अटक. सुरक्षा खात्याचे उपमंत्री कारेल श्वाब स्वतः पक्षातले शत्रू हुडकत होते. तेही आरोपींच्या बाकावर आले.

पुरावा नव्हताच, म्हणून सगळी भिस्त कबुलीवर. झोपू द्यायचं नाही, कोठडीत तासन्‌तास चालवत ठेवायचं, चौकशी करणारे पाळीपाळीने बदलत राहायचे. माणूस मोडला की प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली जायची. कोर्टात उभं करण्याआधी मात्र खायला-प्यायला नीट मिळे. काही जणांना तर आपला कबुलीजबाब ही पक्षाची शेवटची सेवा आहे, असंही पटवण्यात आलं होतं. आजन्म निष्ठा वाहिलेल्या माणसावर हे हत्यार मारझोडीपेक्षा जास्त चाललं असावं.

नोव्हेंबर १९५२ मधला खटला रेडिओवरून देशभर ऐकवला गेला. १४ आरोपींपैकी ११ ज्यू वंशाचे होते, आणि आरोपपत्रात तसा उल्लेख मुद्दाम होता. एका आरोपीच्या किशोरवयीन मुलाने बापाला मृत्युदंड द्या, असं पत्र लिहिलं. तेही जाहीर करण्यात आलं. ३ डिसेंबरला ११ जणांना फाशी झाली, तिघांना जन्मठेप. मृतांची राख प्रागबाहेरच्या गोठलेल्या रस्त्यावर टाकली गेली, हे पुढे उघड झालं.

यांतले बहुतेक बंडखोर नव्हतेच. पक्षाच्या धोरणाविरुद्ध त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, उलट काहींनी ही यंत्रणा उभारायला हातभार लावला होता. १९६३ मध्ये न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या. स्लान्स्कींना पक्षाने पुन्हा आपलं म्हणायला मात्र १९६८ उजाडलं.