गोवर, नववा महिना आणि ‘झिरो डोस’चा गुंता

ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराने लहान मुलं दगावली. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव, ठाणे इथूनही साथीच्या बातम्या येऊ लागल्या. त्या दिवसांत ‘झिरो डोस’ हा शब्द सारखा कानावर पडत होता आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा होता. पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं तर आधी हा शब्द सोडवावा लागतो.

लसीकरणाचं काम करणाऱ्या सिस्टरांना ‘झिरो’ जुना आहे. बाळ जन्मल्याबरोबर पोलिओचे थेंब देतात तो झिरो पोलिओ. कावीळ बीच्या जन्मवेळच्या लशीलाही झिरोच म्हणतात. वेळापत्रकातल्या पहिल्या डोसाच्या आधी दिलेला जादाचा डोस, एवढाच त्याचा अर्थ. अलीकडे सरकारी अहवालांत मात्र ‘झिरो डोस बालक’ आलं. सहाव्या आठवड्यात मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा पहिला डोसही ज्याला मिळालेला नाही, ते हे मूल. म्हणजे एकीकडे झिरो डोस ‘मिळालेलं’ बाळ आणि दुसरीकडे नियमित लसीकरण सुरूच न झालेलं बाळ, दोघांना एकच शब्द. २०२२च्या साथीत त्यात तिसरा अर्थ मिसळला : सहा महिने पूर्ण झालेल्या, पण नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला द्यायची गोवर-रुबेलाची लस. घरोघर फिरणाऱ्या आशाताईने ‘तुमच्या बाळाला झिरो डोस द्यायचाय’ म्हटल्यावर आईने त्यातून काय समजायचं?

मुळात गोवराची नेहमीची पहिली लस नऊ महिन्यांनी का, याला कारण आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि तोवर दिलेली लस ती निकामी करून टाकतात. नवव्या महिन्यात लस दिली तर साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण मिळतं, बाराव्या महिन्यात दिली तर ९५ टक्क्यांच्या आसपास. पण बारा महिने थांबायचं, तर मधल्या काळात गोवर गाठतो. जिथे साथी सतत होत्या तिथे हा तोटा पत्करून नववा महिना धरला गेला. आपल्याकडे १९८५मध्ये गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली ती याच हिशेबाने. दुसरा डोस २०१०पासून सुरू झाला. त्याआधीची पंचवीस वर्षं एका डोसावरच काढली आणि दर वर्षी संरक्षण न मिळालेल्या मुलांची भर पडत राहिली.

एकदा गोवर झाला की तो पुन्हा होत नाही, हे आजींना ठाऊक होतं. १८४६मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फरो बेटांवर साथ आली तेव्हा सुमारे ७,८०० लोकांपैकी सहा हजारांहून अधिक आजारी पडले, पण १७८१च्या साथीत गोवर झालेले म्हातारे सुटले. आपल्या घरांतल्या समजुतीत मात्र एक घातक भाग होता आणि आजही आहे : गोवर पुरता बाहेर पडू द्यावा, औषध देऊ नये, बाळाचं खाणंपिणं तोडावं. आजारात शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. त्यात उपास घडला की जुलाब आणि न्यूमोनिया बाळाला झेपत नाहीत. पुरळापेक्षा या गुंतागुंतींनीच मुलं अधिक दगावतात. हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. क्वचित एखाद्या मुलात सात-दहा वर्षांनी मेंदूचा जीवघेणा विकार उद्भवतो, तोवर गोवर झाल्याचं घरचे विसरूनही गेलेले असतात.

गोवराबरोबर रुबेलाची लस जोडण्याची मोहीम फेब्रुवारी २०१७मध्ये देशात सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोवा होता, महाराष्ट्राची पाळी नोव्हेंबर २०१८मध्ये आली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून टोचलं गेलं. अफवा उठल्या, काही पालकांनी त्या दिवशी मुलांना घरी ठेवलं, तरी मोहीम पार पडली. त्यानंतर करोना आला आणि २०२०-२१मध्ये लसीकरणाची नियमित सत्रं विस्कळीत झाली. त्या दोन वर्षांत जन्मलेली मुलं २०२२मध्ये वस्त्यांत खेळत होती. हवेत दोन तास तग धरणाऱ्या आणि एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना होऊ शकणाऱ्या विषाणूला एवढं पुरे झालं. त्या वेळी बोट दाखवलं गेलं ते ‘लस नाकारणाऱ्या’ पालकांकडे. नाकारणारे होते, पण दोष बराचसा इतरत्र आहे. बाळंतपण गावी, कार्ड तिथेच राहिलेलं, आई रोजंदारीवर आणि सत्र कामाच्या वेळेत : अशा घराने लस नाकारली म्हणणं अन्यायाचं आहे.

नोव्हेंबर २०२२च्या उत्तरार्धात केंद्राकडून सल्ला आला. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना, आधी कितीही डोस झाले असले तरी, एक जादा डोस. आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक आहे, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस. खरा वाद झाला तो या दुसऱ्या भागावर. सहाव्या महिन्यात लशीला प्रतिसाद कमी मिळतो, पुढच्या डोसांवरही थोडा परिणाम होऊ शकतो, हा आक्षेप खोटा नाही. पण आजच्या आयांपैकी बऱ्याच जणींना गोवर झालेलाच नाही, त्यांची प्रतिपिंडं लशीची आहेत. ती कमी असतात, म्हणून बाळांचं कवचही लवकर उतरतं. अशा बाळाला साथीच्या तोंडावर नवव्या महिन्याची वाट पाहायला लावणं मला पटत नाही. दहा टक्क्यांची अटही मला खटकते, कारण ती पुरी होईपर्यंत बाळं आजारी पडलेलीच असतात.

निर्णय योग्य होता, नाव चुकलं. सहाव्या महिन्याचा डोस मोजणीत धरायचा नाही, हे ‘झिरो’तून सांगायचं होतं. आईच्या लेखी मात्र गोवराची लस ‘झाली’. मग नवव्या महिन्याची फेरी चुकली तर नुकसान एका सुईचं नसतं. अ जीवनसत्त्वाचा पहिला, एक लाख युनिटांचा डोस त्याच दिवशी असतो. न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकॉकल लशीचा बूस्टरही त्याच दिवशी, म्हणजे गोवरात ज्याने जीव जातो त्यावरचीच ढाल.

‘साथीतला जादा डोस’ असं सरळ म्हटलं असतं तर भागलं असतं. ज्या बाळांना तो मिळतो त्यांच्या कार्डावर नऊ ते बारा महिने आणि सोळा ते चोवीस महिने हे दोन्ही रकाने रिकामेच राहतात. ते त्या त्या वेळी, आधीचा डोस न मोजता, भरायचे असतात.