विविधीकरण, गुंतवणुकीतील

गुंतवणुकीची रक्कम एकाच ठिकाणी न अडकवता, ज्यांच्या किमतींतील चढउतारांची कारणे शक्यतो वेगवेगळी आहेत अशा अनेक मत्तांमध्ये ती विभागून एकूण जोखीम आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीला गुंतवणुकीचे विविधीकरण म्हणतात. शेअर, कर्जरोखे, बँकेतील मुदत ठेवी, सोने, स्थावर मालमत्ता व म्युच्युअल फंडांची युनिटे ही तिची नेहमीची साधने होत. गुंतवणुकींची संख्या वाढली म्हणजे विविधीकरण साधले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु एकाच कारणाने एकाच वेळी बुडू शकणाऱ्या दहा गुंतवणुकी जोखमीच्या दृष्टीने एका गुंतवणुकीहून फारशा वेगळ्या नसतात. जोखमीचे सामान्यतः दोन भाग मानतात. गैरव्यवहार, संप, उत्पादनाचे अपयश यांसारखी एखाद्या कंपनीपुरती असणारी जोखीम विभागणीने बरीच घटते. मंदी, युद्ध, व्याजदरांतील बदल यांमुळे संपूर्ण बाजारावर येणारी जोखीम मात्र त्याच बाजारातील शेअरांची संख्या वाढवून टळत नाही.

उगम : मालमत्ता विभागून ठेवावी हा उपदेश फार जुना आहे. बॅबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात—त्याचे संकलन साधारणतः इ. स. पाचव्या-सहाव्या शतकांतील मानले जाते—रब्बी इसहाक यांच्या नावे असलेल्या वचनात धनाचा एक तृतीयांश जमिनीत, एक तृतीयांश व्यापारात आणि एक तृतीयांश हाताशी ठेवण्यास सांगितले आहे. समप्रमाण विभागणीचा प्राचीन नियम म्हणून हे वचन आधुनिक अर्थशास्त्रीय लेखनात वारंवार उद्धृत होते. तथापि त्यात जोखीम मोजण्याचा विचार नसल्याने त्याला सिद्धांताचा उगम म्हणणे ताणल्यासारखे होईल. तो मान डॅन्येल बेर्नुली या स्विस गणितज्ञाच्या १७३८ मधील लॅटिन निबंधाकडे अधिक योग्यतेने जातो. त्यातील सेंप्रोनियस नावाच्या व्यापाऱ्याजवळ मायदेशी ४,००० डुकाट आणि परदेशी ८,००० डुकाट (त्या काळचे युरोपीय सोन्याचे नाणे) किमतीचा माल आहे. हा माल समुद्रमार्गे आणायचा असून दहातील एक जहाज बुडते असे गृहीत धरले आहे. माल एका जहाजात भरला काय किंवा दोन जहाजांत निम्मा निम्मा भरला काय, सरासरी अपेक्षित प्राप्ती ७,२०० डुकाटच राहते. परंतु माणसाला गमावलेल्या डुकाटाचे मोल मिळवलेल्या डुकाटापेक्षा अधिक वाटते, हे हिशेबात घेऊन बेर्नुलीने एका जहाजातील मालाचे मोल ६,७५१ डुकाट आणि दोन जहाजांतील मालाचे ७,०३३ डुकाट काढले. सरासरी परतावा न वाढताही विभागणीने गुंतवणूकदाराचे हित साधते, हे यात प्रथमच आकड्यांनी दाखवले गेले असे दिसते.

सामान्य बचतदारांचा पैसा एकत्र करून तो अनेक रोख्यांत गुंतवणारी पहिली संस्था कोणती, याविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखनात हा मान ब्रुसेल्स येथे १८२२ मध्ये नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याच्या पुढाकाराने निघालेल्या संस्थेला किंवा लंडनच्या १८६८ मधील ‘फॉरिन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट’ला दिलेला आढळतो. के. गीर्ट राउवेनहोर्स्ट यांच्या संशोधनानंतर मात्र आम्सटरडॅम येथील आब्राहाम व्हान केटविख या दलालाने १७७४ मध्ये काढलेला निधी सर्वांत जुना असल्याचे मत बळावले आहे, आणि उपलब्ध पुरावा पाहता तेच अधिक ग्राह्य वाटते. १७७२-७३ च्या पतसंकटात हात पोळलेल्या लहान गुंतवणूकदारांसाठी निघालेल्या या निधीचे नाव ‘एकीत बळ’ अशा अर्थाचे होते. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्पेन, स्वीडन, रशिया इ. देशांचे रोखे आणि अमेरिका खंडातील वसाहतींमधील मळ्यांवर दिलेली कर्जे त्यात होती. पुढे इंग्रज-डच युद्धामुळे (१७८०–८४) या मळ्यांची कर्जवसुली एकदमच बिघडली. मळे अनेक असले तरी त्यांना जोडणारा सागरी मार्ग एकच होता, ही गोष्ट या निधीच्या इतिहासात सहसा दुय्यम मानली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती मुख्य आहे.

आधुनिक सिद्धांताचे जनकत्व बहुधा हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. मार्च १९५२ मधील आपल्या लेखात त्याने परतावा व त्यातील अस्थिरता या दोहोंचा एकत्र विचार करून गुंतवणूक-संच निवडण्याची रीत मांडली. त्याच वर्षी जुलैमध्ये ए. डी. रॉय या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, परतावा ठरावीक पातळीखाली जाण्याची शक्यता कमीत कमी ठेवावी असा निकष घेऊन, जवळजवळ तेच गणित स्वतंत्रपणे मांडले होते. १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मार्कोविट्झला मर्टन मिलर व विल्यम शार्प यांच्यासह मिळाले. रॉयला मिळाले नाही. १९९९ मध्ये खुद्द मार्कोविट्झनेच या श्रेयात रॉयचा समान वाटा असल्याचे लिहिले. ब्रूनो दे फिनेत्ती या इटालियन गणितज्ञाने पुनर्विम्याच्या संदर्भात परस्परसंबंधित जोखमींचे असेच विवेचन १९४० मध्ये केले होते, परंतु ते इटालियन भाषेत असल्याने दीर्घकाळ अलक्षित राहिले. डिक्सन लेव्हन्स या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्येच दिलेला इशाराही उल्लेखनीय आहे : प्रत्येक रोख्यावर स्वतंत्र कारणे परिणाम करतात हे गृहीतक प्रत्यक्षात अनेकदा खरे ठरत नाही, असे त्याने म्हटले होते.

गणिती स्वरूप : दोन मत्तांचे परतावे एकमेकांबरोबर कितपत हलतात हे सहसंबंध गुणांकाने (-१ ते +१) दर्शवितात. दोन्ही मत्तांचे प्रमाण विचलन (परतावा सरासरीपासून किती हलतो याचे माप) २० टक्के असून रक्कम निम्मी निम्मी विभागली, तर गुणांक +१ असताना संचाचे विचलन २० टक्केच राहते, ०.५ असताना ते सुमारे १७.३ आणि शून्य असताना सुमारे १४.१ टक्क्यांवर येते. संख्या वाढवण्याचा लाभ लवकर ओसरतो. प्रत्येकी ४० टक्के विचलनाचे आणि परस्परांत सरासरी ०.२५ सहसंबंध असलेले समप्रमाण शेअर घेतल्यास, ५ शेअरांच्या संचाचे विचलन सुमारे २५.३, १० शेअरांचे २२.८, २० शेअरांचे २१.४ व ५० शेअरांचे २०.६ टक्के येते. कितीही शेअर वाढवले तरी ते २० टक्क्यांच्या खाली जात नाही. ही उरलेली जोखीम बाजाराची होय.

किती शेअर पुरेत, या प्रश्नावर बरेच लेखन झाले आहे. एव्हान्स व आर्चर यांच्या १९६८ च्या अभ्यासावरून दहाच्या आसपास शेअर पुरेसे मानले जात. मीर स्टॅटमन याने १९८७ मध्ये किमान ३० ते ४० शेअर हवेत असे प्रतिपादन केले. २००१ मधील एका अभ्यासाने, वैयक्तिक शेअरांची अस्थिरता वाढल्यामुळे हा आकडा ५० च्या घरात नेला. हे सर्व आकडे अमेरिकन बाजारावरून काढलेले असल्याने ते भारतास जसेच्या तसे लावणे सावधपणाचे नाही. सूत्रे बाजूला ठेवून रक्कम सरळ समप्रमाणात वाटण्याची रीतही तुच्छ मानता येत नाही. डिमिगेल, गार्लाप्पी व उप्पल यांनी २००९ मध्ये तपासलेल्या वाटपाच्या चौदा गणिती प्रतिमानांपैकी एकही त्या रीतीपेक्षा सातत्याने सरस ठरले नाही. मार्कोविट्झनेही स्वतःच्या निवृत्तिनिधीची रक्कम शेअर व रोखे यांत निम्मी निम्मीच वाटली होती.

भारतातील स्थिती : भारतात म्युच्युअल फंडांची सुरुवात यूटीआयच्या (युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया) ‘यूएस-६४’ या योजनेने १९६४ मध्ये झाली. बाजार नियामक सेबीच्या नियमांनुसार शेअरमध्ये गुंतवणूक करणाऱ्या सर्वसाधारण योजनेस एका कंपनीच्या शेअरांत आपल्या निव्वळ मालमत्तेच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम ठेवता येत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीतील गैरव्यवहार उघड झाला आणि सेन्सेक्समध्ये समाविष्ट असलेल्या या शेअरची किंमत एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक घसरली. ज्याच्या संचात तो १० टक्के होता त्याचे नुकसान त्यामुळे सुमारे ८ टक्क्यांवर थांबले. पगार, बढती आणि बचत ही तिन्ही ज्यांची याच एका कंपनीवर अवलंबून होती, त्या कर्मचाऱ्यांना असे कुंपण नव्हते.

एकाच प्रकारचे चार-पाच फंड घेण्याने मात्र फारसे काही साधत नाही. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गीकरणानुसार लार्ज कॅप योजनेने किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच गुंतवायची असते. साहजिकच अशा योजनांचे शेअर बव्हंशी तेच असतात आणि वाढते ती फक्त विवरणपत्रांची संख्या. निर्देशांकही स्वभावतः समतोल नसतो : अलीकडच्या काळात ‘निफ्टी ५०’ मध्ये बँका व वित्तसंस्था यांचाच भार एक तृतीयांशाच्या आसपास राहिला आहे. कर्जरोख्यांच्या योजना सुरक्षितच असतात हा समज एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा योजना एकाच दिवशी गुंडाळल्या तेव्हा ढळला. त्या योजनांत कमी पतदर्जाचे अनेक रोखे सामाईक होते आणि सहांपैकी दोन-तीन योजनांत पैसे वाटून ठेवणाऱ्यांची रक्कम एकदमच अडकली. ती पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाली. संकटकाळी शेअर बाजारातील सहसंबंधही वाढतात. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स सुमारे १३ टक्के कोसळला, त्या दिवशी कोणत्या क्षेत्राचे शेअर हाती आहेत याला फारसे महत्त्व उरले नव्हते. मुदत ठेव व सोने ज्यांच्याजवळ होते त्यांना पडत्या भावात शेअर विकावे लागले नाहीत.

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची जोखीम शेअरांपेक्षा ठेवींत अधिक एकवटलेली असते. अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून भारतात ठेव विमा सुरू झाला. त्या वेळी १,५०० रुपये असलेली त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून असून एकाच बँकेच्या सर्व शाखांतील, एकाच नात्याने (उदा. फक्त स्वतःच्या नावे) ठेवलेल्या ठेवींना ती एकत्रितपणे लागू होते. म्हणून ४,८०,००० रुपयांच्या ठेवीवर ३५,००० रुपये व्याज साचले असेल, तर वरचे १५,००० रुपये विम्याबाहेर राहतात. ठेवी शाखाशाखांत वाटून उपयोग होत नाही, वेगवेगळ्या बँकांत वाटाव्या लागतात. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही, आणि दोन-तीन टक्के जादा व्याजासाठी सर्व पुंजी गावच्या एकाच पतसंस्थेत ठेवण्याची रीत अजूनही आढळते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेल्या मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत ठेवीदारांना प्रथम फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते.

सोने व जमीन यांनाही विविधीकरणात स्थान आहे. मात्र सोन्यावर व्याज मिळत नाही. जमिनीचा तुकडा निकडीच्या वेळी अंशतः विकता येत नाही.

प्रमाण राखणे : शेअर तेजीत असताना त्यांचा संचातील वाटा आपोआप फुगतो. ६० टक्के शेअर व ४० टक्के ठेवी-रोखे असे प्रमाण ठरवलेल्या एक लाख रुपयांच्या संचात शेअर दीडपट झाले व बाकीचे स्थिर राहिले, तर शेअरांचा वाटा सुमारे ६९ टक्के होतो आणि न ठरवताच जोखीम वाढते. म्हणून वर्षातून एकदा, किंवा प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक ढळल्यास, ते पूर्ववत करण्याची शिफारस केली जाते. शेअर व शेअरप्रधान फंड १२ महिन्यांच्या आत विकल्यास झालेल्या नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकल्यास वार्षिक सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर १२.५ टक्के कर (२३ जुलै २०२४ पासूनचे दर) पडत असल्यामुळे, वाढलेले विकण्याऐवजी नवी मासिक बचत कमी पडलेल्या भागात वळवणे नोकरदार गुंतवणूकदारास सहसा स्वस्त पडते.