टोरिक भिंग

टोरिक भिंग हे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात कायमचे बसवायचे कृत्रिम भिंग आहे. पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, असमान वक्रतेमुळे येणारा अॅस्टिग्मॅटिझमही ते भरून काढते. चष्म्याच्या चिठ्ठीवर हा दोष ‘सिल’ आणि ‘अॅक्सिस’ या रकान्यांत असतो. बोलताना लोक त्याला ‘तिरपा नंबर’ म्हणतात. खान्देशात, जिथे अहिराणी बोलणारा ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो, तिथे मोतीबिंदूचे ऑपरेशन आता सगळ्यांच्या ओळखीचे आहे. भिंगाला कोन असतो, ही गोष्ट मात्र बहुतेकांना ऑपरेशनच्या आदल्या तपासणीतच पहिल्यांदा कळते.

निरोगी पारपटल चेंडूसारखे सगळीकडून सारखे वळलेले असते. अॅस्टिग्मॅटिझममध्ये ते लांबट टरबुजासारखे एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वळलेले असते. त्यामुळे प्रकाश एका बिंदूवर जमत नाही. देवनागरी वाचणाऱ्याला याचा अनुभव लगेच येतो. एस.टी.च्या पाटीवर ‘पारोळा’ लिहिलेले असते. शिरोरेषा स्वच्छ दिसते, पण काने फिसकटलेले दिसतात. दोषाची दिशा, म्हणजे अक्ष, उलटा असेल तर काने ठळक आणि शिरोरेषा पुसट. तरुणपणी उभ्या दिशेची वक्रता जास्त असते, उतारवयात बहुधा आडव्या दिशेची वाढते.

इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातला हा दोष मोजून मांडला होता. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला केली. टोरिक भिंगाचा पहिला प्रयोग जपानमध्ये किमिया शिमिझू आणि सहकाऱ्यांनी केला. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ते भिंग न दुमडणारे असल्याने मोठी चीर लागत असे. आजची भिंगे दुमडून २.२ ते २.८ मि.मी.च्या चिरेतून आत जातात.

या भिंगात सगळा खेळ कोनाचा आहे. ठरलेल्या अक्षापासून ते एक अंश फिरले तर सुमारे ३.३ टक्के परिणाम वाया जातो. तीस अंशांनी फिरले तर फायदा शून्य, आणि त्यापुढे दोष कमी होण्याऐवजी वाढतो. गंमत अशी की माणूस आडवा झाला की डोळाही खोबणीत दोन-चार अंश फिरतो, कधी त्याहून जास्त. म्हणून कोनाच्या खुणा रुग्ण बसलेला असतानाच करतात. रुग्णाला ताठ बसवून समोर भिंतीकडे पाहायला सांगतात, आणि बुबुळाच्या कडेला, घड्याळातल्या तीन, सहा आणि नऊच्या जागी, निर्जंतुक शाईच्या पेनाने टिंब देतात. मग ऑपरेशनच्या टेबलावर भिंगावरचे बारीक ठिपके ठरलेल्या अक्षावर आणून ठेवतात. काही ठिकाणी हे काम कॅमेरा आणि संगणक करतात. पेनही नीट वापरले तर वाईट नाही. भिंगावर लिहिलेला आकडा आणि पारपटलावरचा परिणाम एकच नसतो. भिंगातले दीड डायऑप्टरचे (डायऑप्टर म्हणजे नंबर मोजण्याचे एकक) सिलिंडर, म्हणजे चिठ्ठीवरचे ‘सिल’, पारपटलावर साधारण एक डायऑप्टरचे काम करते.

खान्देशातल्या उन्हा-धुळीत शेतात वावरणाऱ्या काहींच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून बुबुळावर चढलेले असते. ते पारपटल ओढून धरते आणि खोटा तिरपा नंबर तयार करते. अशा वेळी त्या मापावर भिंग निवडणे चूक; आधी मांस काढावे, मापे स्थिर होईपर्यंत थांबावे, मगच ठरवावे. पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडाचे) धसकट लागून डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलेले असेल तर वक्रता वेडीवाकडी होते, आणि तिथे टोरिक भिंग फारसे उपयोगी पडत नाही. डोळा कोरडा असला तरी यंत्रावरचे आकडे दर वेळी वेगळे येतात, म्हणून काही दिवस थेंब घालून माप पुन्हा घेतात. ‘कपाशी वेचून झाली की येतो’ म्हणणाऱ्याने या तपासणीसाठी आणखी एक फेरी धरावी.

शिबिरांत साधारणपणे बिनटाक्याच्या, सुमारे सहा मि.मी. चिरेच्या शस्त्रक्रियेने साधे भिंग बसवतात. त्या चिरेने स्वतःच थोडा तिरपा नंबर येऊ शकतो. राहिलेला नंबर चष्म्याने निघतो, आणि चष्मा लावायची तयारी असलेल्याने टोरिक भिंगासाठी कर्ज काढू नये, असे इथे स्पष्ट लिहायला हवे. दोष साधारण एक डायऑप्टरहून बराच जास्त असेल आणि चष्म्याशिवाय गाडी चालवायची असेल, तिथे त्याचा खरा उपयोग होतो. जवळचे वाचायला, सुईत दोरा ओवायला मात्र साध्या टोरिक भिंगानंतरही बहुधा चष्मा लागतोच; ‘चष्मा सुटतो’ ही समजूत अर्धवट आहे.

भिंग फिरण्याची भीती पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. पुढे नैसर्गिक भिंगाची पिशवी, जिच्यात हे भिंग बसवलेले असते, आक्रसून त्याला पकडून ठेवते. फिरलेच तर पहिल्या काही आठवड्यांत छोट्या शस्त्रक्रियेने सरळ करता येते. रुग्णाच्या कार्डावर भिंगाचा स्टिकर लावलेला असतो, त्यावर शक्ती लिहिलेली असते. अक्षाचा कोन शेजारी हाताने लिहून घ्यावा. नजर पुन्हा अस्पष्ट वाटली तर डॉक्टर बाहुली मोठी करून ठिपके कोणत्या कोनावर आहेत ते पाहतात आणि त्या आकड्याशी ताडून बघतात.