आधी तक्ता, मग हस्तलिखित
(भूत, प्रेम आणि पाठलागाच्या कादंबऱ्या संपादनासाठी पाठवणाऱ्यांना)

"कादंबरी तर पूर्ण आहे, मग प्रकरणवार तक्ता कशाला?" हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहोत.

मारकुट्या नवऱ्याला सोडून आलेली नायिका, नवं घर, त्यातलं भूत आणि शेजारचा हळवा पुरुष. भाषा बहुतेकदा चांगली असते. अडतं ते एकाच ठिकाणी: आधीच्या नवऱ्याला पत्ता कसा लागला, हे लेखकालाच ठाऊक नसतं. सातव्या प्रकरणात तो दारात उभा राहतो. वाचक दचकतो आणि दोन पानांनी विचारतो, "पण हा आला कसा?" 'शोधून काढलं' एवढ्यावर भागत नाही.

वाट साधी असली तरी पुरते. नायिकेने सिमकार्ड बदललं, पण मुलीच्या दप्तरातला जुना टॅब अजून नवरा-बायकोच्या सामायिक खात्यावरच आहे. नव्या घरच्या वायफायला तो जोडला की ठिकाण नवऱ्याला दिसलं. त्यासाठी दुसऱ्या प्रकरणात, सामान भरताना, एक ओळ लागते, पाचव्यात अर्धी. ब्लूटूथ टॅग, म्हणजे सामानात लपवता येणारं, ठिकाण सांगणारं छोटं उपकरण, मात्र जपून वापरा. अनोळखी टॅग सोबत फिरतोय, अशी सूचना हल्ली बरेच फोन देतात आणि वाचकाला ते माहीत असतं. 'सहा महिने शांततेत गेले' अशी उडीही नको. घर सोडल्यानंतरचा काळच अशा बाईला सगळ्यात धोक्याचा असतो.

आता भूत. पाचव्या प्रकरणात त्याने टॅब बंद केला, तर एकोणिसाव्यात दाराला कडी का घातली नाही? त्याला वस्तू हलवता येतात का, घराबाहेर पडता येतं का, नायिकेखेरीज कोणाला दिसतं का, एवढं आधीच ठरवा. काम सुरू झाल्यावर यातलं एक उत्तर बदललं की मागची सगळी प्रकरणं पुन्हा चाळावी लागतात. आमचे दिवस तिथेच जातात आणि तुमची तारीख पुढे सरकते.

मिणमिणता दिवा सगळ्यांनाच हवा असतो. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' नाटकात नवरा वरच्या मजल्यावर दिवा लावतो, म्हणून खालचा मंद होतो. 'गॅसलायटिंग' (समोरच्याला स्वतःच्याच जाणिवांवर शंका घ्यायला लावणं) हा शब्द तिथूनच आला. तुमचा दिवा भुतामुळे मंद झाला की नवऱ्यामुळे? नायिकेला कळलं नाही तरी चालेल, तुम्हाला कळलंच पाहिजे.

तर तक्ता असा: कागद आडवा, प्रकरणागणिक एक ओळ, रकाने पाच. कितवा दिवस, नायिकेला काय ठाऊक, नवऱ्याला काय ठाऊक, भुताने काय केलं, वाचकाला काय कळलं. तीस प्रकरणांना दोन संध्याकाळी पुरतात. नवऱ्याचा रकाना सलग चार ओळी कोरा राहिला, तर भोक तिथेच आहे. शेजारच्या पुरुषाला वेगळा रकाना नाही, यावर काहींची नाराजी असते. असू द्या. शेवटी दार त्याने येऊन उघडलं, तर नायिकेची वीस प्रकरणांची तयारी वाया जाते.

तक्ता आणि पहिली तीन प्रकरणं युनिकोडमध्ये पाठवा. एवढं आम्ही काम घेण्याआधी, पैसे न घेता वाचतो. तक्ता जमत नसेल तर आम्ही करून देतो, पण ते काम वेगळं धरतो. अर्धामुर्धा भरलेला तक्ताही चालतो.